झाकणाच्या आतला शेंदूर

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं ते साल. मांडवात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा थोरला भाऊ, म्हणजे माझा नवरा, भिलाईहून आलाच नाही. शेवटी धाकट्या दिरानं कान पिळला. सासू पाहुण्यांना सांगत होती, "रजा नाई भेटली त्याले." मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. खरं काय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. भिलाईला त्यानं दुसरं घर केलं होतं.

लग्न उरकून मी कामावर गेले, तर माझ्या बसायच्या जागेसमोर एक भलं मोठं लाकडी खोकं. नथ्थूजी हटवार पहारीनं त्याच्या फळ्या उचकटत होते.

"पाय मागं घ्या देवकाबाई, खिळे हायेत."

"काय हाय ह्याच्यात?"

"तुमची सवत," नथ्थूजी हसत म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "म्हणजे मशीन हो. दगड दळाची."

नथ्थूजी तिथले सगळ्यांत जुने मदतनीस. माणूस वाईट नव्हता, फाटक्या तोंडाचा होता.

नागपूरच्या बाहेर, शेतं सुरू होतात तिथं, आमची ती प्रयोगशाळा होती. डोंगरात भोकं पाडून काढलेले दगडाचे तुकडे पिशव्यांतून तिथं यायचे. ते दगड आधी फोडायचे, मग घोटून मैद्यासारखी पूड करायची. ती पूड पांढरीपांडे साहेब तेजाबात विरघळवायचे आणि सांगायचे, ह्या डोंगरात तांबं आहे, त्या डोंगरात काही नाही. फोडायचं आणि घोटायचं काम माझं. लोखंडी खलात फोडायचं, अकीक दगडाच्या गुळगुळीत खलात घोटायचं. माझा मुलगा रांगत होता तेव्हापासून मी तिथं बसत होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. पण माझी पूड चिमटीत धरली तर बोटांना लागत नसे, इतकी बारीक. साहेब एकदा पाहुण्यांना म्हणाले होते, हे आमच्या देवकाबाईंच्या हातचं. ते वाक्य मी किती दिवस सांभाळून ठेवलं होतं.

खोक्यातून निघाली ती मशीन मोठी नव्हती. लोखंडी चौकट, तिच्यावर रबर चढवलेले दोन आडवे रूळ, खाली मोटर. रुळांवर चिनीमातीचं एक जाड भांडं आडवं ठेवायचं, लोणच्याच्या बरणीसारखं. त्यात चिनीमातीच्याच गोट्या, लिंबाएवढ्या आणि बोराएवढ्या. त्यात दगडाचा चुरा टाकायचा, झाकण घट्ट आवळायचं, बटण दाबायचं. रूळ फिरले की भांडं फिरतं, आत गोट्या एकमेकींवर पडत राहतात आणि दगड पिठासारखा होतो.

"ह्याला बॉल मिल म्हणतात," साहेब म्हणाले.

मी तिला गोट्यांची गिरणी म्हणू लागले.

पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः चालवून दाखवली. आधी खडखड, खडखड. मग आवाज हळूहळू जड झाला, मऊ झाला, रवीखाली ताक घुसळल्यासारखा. साहेबांनी झाकण काढलं, पूड कागदावर ओतली. मी चिमटीत घेतली. माझ्यापेक्षा बारीक होती.

तरी मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, मशीन माझ्यासाठीच आली आहे. दुसरं होतं कोण तिथं घोटणारं? त्या दिवशी घरी जाऊन मी सासूला म्हटलं, "आता खांदा दुखणार नाई माहा. बटण दाबायचं फक्त."

पुढच्या सोमवारी साहेब पंचफुलाला घेऊन आले.

पंचफुला आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहायची. वयानं माझ्याहून लहान. तिचा नवरा रामदास डोंगरात भोकं पाडायच्या मशीनवर कामाला होता. मागल्या वर्षी वरून लोखंडी नळ निसटून त्याच्या डोक्यात पडला आणि तो गेला. त्याच्या जागी काहीतरी द्यायचं म्हणून तिला आमच्याकडे रोजानं लावलं. आणि ती चौथी शिकलेली होती.

"मशीनवर पंचफुलाबाई बसतील," साहेब म्हणाले. "देवकाबाई, तुम्ही त्यांना दगड फोडून द्या."

"साहेब, मी हायच की. मी शिकून घेईन."

"नमुन्यावरचा नंबर वाचता यायला हवा. आकडा चुकला की पुढचं सगळं चुकलं."

"नथ्थूजी वाचून देतात न मले."

"मग नथ्थूजींनी दिवसभर तुमच्याजवळच बसायचं का?" साहेब रागावले नव्हते, खरं तेच बोलत होते. "आणि पुढच्या वर्षी मशीनवर जे माणूस असेल, त्याला पक्कं करायचा विचार आहे. तिथं वाचता येणारंच लागेल."

पक्कं व्हायचं म्हणजे आजारपणातसुद्धा चूल पेटती राहायची. मी मान हलवली आणि लोखंडी खलापाशी जाऊन बसले.

त्या दिवसापासून मी तिच्यासाठी दगड फोडू लागले. ती उंच स्टुलावर बसायची, पाय खाली लोंबत. मी जमिनीवर. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या टाचा. भांडं फिरत असताना तिला काही काम नसायचं, मग ती गुणगुणायची. धूळ माझ्या नाकातोंडात, आणि तिच्या केसांचं तेलसुद्धा दुपारपर्यंत चकचकीत. साहेब जाता जाता विचारायचे, "काय म्हणते मशीन?" आणि ती म्हणायची, "अजून बोलून रायली साहेब, गप झाली की काढते." आणि साहेब हसायचे. मला त्यांनी कधी विचारलं नव्हतं खल काय म्हणतो म्हणून.

"बाई, हे खडे जरा मोठे रायले," ती एकदा म्हणाली. "अजून थोडे बारके करता का?"

"तुही मशीन एवढी ताकदीची हाय न. फोडू दे तिले."

"तिले दात नाईत बाई," ती हसली. "नुसत्या गोट्या हायेत."

नथ्थूजी हसले. मी तिचे खडे परत खलात ओढले आणि असे फोडले की त्यांचा भुगाच केला.

पावसाळ्यात तिनं मशीनला खोळ शिवून आणली. खाकी कापडाची.

"हे काय?" मी विचारलं.

"यायचा शर्ट. डूटीवरचा."

"मशीनले नवऱ्याचा शर्ट घालते?"

"धूळ बसते न तिच्यावर. अन् पेटीत ठेवून त्याचं काय करू?"

रोज संध्याकाळी ती खोळ चढवायची, दोन्ही हातांनी सारखी करायची. रामदासच्या खिशाची शिवण तिनं तशीच ठेवली होती. माझ्या नवऱ्याचे शर्ट त्याच्याबरोबर भिलाईला गेले होते, आणि तिकडे कोणीतरी ते धूत होतं. ती खोळ बघितली की मला वाटायचं, हिचा मेला, पण मरतानासुद्धा हिला काहीतरी देऊन गेला. शर्ट दिला, मशीन दिली, नाव दिलं. रामदासची बायको म्हटलं की पुरुषमाणसं आवाज खाली घ्यायची. माझ्या नवऱ्याचं नाव निघालं की आवाज खाली घ्यायची तीच माणसं, पण वेगळ्या तऱ्हेनं.

मला तिचा हेवा वाटत होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, ते कुणाला दिसत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. साहेबांचा तराजू, भट्टी, जीप, माझे दोन्ही खल. सगळं नथ्थूजी मांडायचे. त्या वर्षी मधोमध मशीन होती. पंचफुला आमच्या आधी येऊन भांडं, गोट्या, झाकण, सगळं धुऊन पुसून टेबलावर मांडून बसली होती. चौकटीला झेंडूची माळ तिनंच घातली. नथ्थूजींनी ताट आणलं. हळद, कुंकू, आणि फाटकाजवळच्या मारुतीकडून आणलेला तेलात कालवलेला शेंदूर. तिनं ताटाला हात लावला.

"पंचफुला, तू जरा मागं राय माय," नथ्थूजी म्हणाले. आवाज मऊच होता. "मशीनची पहिली पूजा हाय. सवाशिणीचा हात लागला पायजे."

तिनं हात काढून घेतला.

"देवकाबाई, या तुम्ही."

मी गेले. त्या दिवशी मी कुंकू जरा मोठंच लावलं होतं. नवरा कुठं का असेना, माझं कपाळ लाल होतं. मी ताट घेतलं. मोटरीला हळदकुंकू लावलं, रुळांना लावलं, लोखंडी चौकटीवर शेंदरानं स्वस्तिक, आमचा साथिया, काढला. सावकाश काढला. मनात म्हणत होते, मशीन तुझी, पण पूजा माझी. ताट टेबलावर ठेवलं आणि आम्ही सगळे नारळ फोडायला अंगणात गेलो. पंचफुला आतच राहिली.

प्रसाद वाटायच्या वेळी ती बाहेर आली. उजवा हात पदराखाली होता. तिनं डावा हात पुढं केला.

"प्रसाद डाव्या हातानं घेते का वं?" मी म्हटलं.

"उजवा ओला हाय, बाई."

मला वाटलं, आत बसून रडली असेल, डोळे पुसून हात ओला झाला असेल. मला बरं वाटलं. खोबरं त्या दिवशी फार गोड लागलं.

दसऱ्यानंतर गोंदियाकडच्या एका डोंगराचे दगड आले. नेहमीसारखे मी फोडले, तिनं दळले. काही दिवसांनी साहेब शर्ट बाहेर निघालेला, चष्मा कपाळावर, असे धावतच आमच्या खोलीत आले.

"शिसं लागलं," ते म्हणाले. "भरपूर."

पेढे आले. मोठ्या साहेबांचा फोन आला. त्या डोंगरावर लगेच माणसं पाठवायची, अजून भोकं पाडायची ठरलं. ड्रायव्हरची, मजुरांची दिवाळीची सुटी रद्द झाली. साहेबांनी पहिला पेढा पंचफुलाच्या हातावर ठेवला.

"पंचफुलाबाई, तुमच्या मशीनचा पायगुण चांगला आहे. तुम्हाला पक्कं करायचं दिवाळीच्या आधीच वर लिहून टाकतो."

"साहेब, दगड तं देवकाबाईनं फोडले," ती म्हणाली.

ती तसं म्हणाली ते मला जास्त लागलं. मला तिच्या हातून काही नको होतं. पेढा मी तोंडात टाकला आणि गिळला. चव कळली नाही.

पण दोन-चार दिवसांत साहेब गप्प झाले. जेवायला उशिरा बसू लागले, तीच ती पूड पुन्हा पुन्हा तपासू लागले. मग एका सकाळी त्यांनी एक दगड माझ्यासमोर ठेवला. ज्या नमुन्यात सगळ्यांत जास्त शिसं लागलं होतं, त्याचाच राखून ठेवलेला अर्धा तुकडा.

"देवकाबाई, हा तुमच्या खलात घोटा. पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं. मशीनला लावू नका."

पंचफुला स्टुलावरून बघत होती. "काऊन बाई, मशीनीवर भरोसा नाई का साहेबाचा?"

"त्यायलेच विचार."

मी दोन्ही खल राखेनं घासले, तीनदा विसळले, उन्हात ठेवले. मग बसले. तसं मी कधी घोटलं नसेल. खांद्यातून कळ येत होती आणि मला ती हवीहवीशी वाटत होती. माझी पूड साहेबांनी स्वतःच्या हातानं उचलून नेली.

त्या पुडीत शिसं निघालं नाही. कणभरही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी धुतलेली पांढरी वाळू आणली, जिच्यात वाळूशिवाय काही नाही अशी. ती पंचफुलाच्या हातून मशीनमध्ये दळून घेतली. तिच्यात शिसं निघालं.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला मशीनभोवती बोलावलं. नथ्थूजी, पंचफुला, मी, जीपचा ड्रायव्हर.

"डोंगरात शिसं नाही," साहेब म्हणाले. "भांड्यात आहे. आधी दळलेल्या नमुन्यात जास्त, मग कमी, मग आणखी कमी. दगड कितीही खोलीवरचा असो. म्हणजे भांड्यात काहीतरी होतं, ते घासलं जाऊन पुडीत येत होतं." ते थांबले. "शेंदूर शिशाचा करतात. ह्या खोलीत शेंदूर कोणी आणला?"

नथ्थूजींनी माझ्याकडे बघितलं. मग ड्रायव्हरनं बघितलं. मग साहेबांनी.

"देवकाबाई, पूजा तुम्ही केली होती."

"लोखंडाले लावला साहेब. साथिया हाय तो, बघा न, अजून हाय. भांड्याले मी हात नाई लावला."

साथियाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

"देवकाबाई," नथ्थूजी हळूच म्हणाले, "रागाच्या भरात होते माणसाच्या हातून."

"कायचा राग?"

"आता मी काय सांगू? सगळ्यायले दिसते न. मशीन आल्यापासून तुमचं काय चाललं हाय ते."

मी इतके दिवस पदराखाली झाकून ठेवलेलं सगळ्यांनी कधीच बघून ठेवलं होतं.

"उद्या गाडी निघणार होती," साहेब म्हणाले. आता मात्र ते रागावले होते. "माणसं दिवाळी सोडून जंगलात जाणार होती. मी वर काय तोंड दाखवू? चुकून झालं असेल तर सांगा. मुद्दाम केलं असेल तर उद्यापासून येऊ नका."

मला घरातली चूल दिसली. सासू, मुलगा, नणंदेची पहिली दिवाळी. मी म्हटलं, "साहेब, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगते," पण माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसला नसता, असा तो निघाला.

"मी लावला."

पंचफुला मागं, भिंतीजवळ उभी होती. तिथूनच बोलली.

"काय?" साहेब वळले.

"शेंदूर मी लावला साहेब. झाकणाले. आतून."

"आतून काऊन?" नथ्थूजींनीच विचारलं.

"बाहेरून लावू नाई देल्लं, म्हणून आतून."

"तुले मी मागं राय म्हटलं होतं न."

"मागंच होती नथ्थूजी. तुम्ही सगळे अंगणात नारळ फोडत होते. ताट टेबलावर होतं." ती साहेबांकडे वळली. आवाज चढला नाही, कापला नाही. "रोज तिले मी धुते. मी पुसते. तिच्या पोटात काय चाललं ते मले ऐकू येते. अन् सणाच्या दिवशी माहा हात चालत नाई. म्हणून कोणाले दिसणार नाई तिथं लावला. बोट भरून."

"मग धुतलं नाही?"

"धुतलं साहेब. तेलातला शेंदूर, पुरा नाई गेला." ती जरा थांबली. "अन् पुरा जावा असं मले वाटलंबी नाई."

साहेबांनी झाकण उचललं, उलटं केलं. आत बघितलं तर पांढरं स्वच्छ. मग त्यांनी काडीनं कडेचं रबराचं कडं उपसून काढलं. त्याच्या खाली, चिनीमातीच्या खाचेत, नखाएवढी लाल कोर होती.

त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता तिला घरी बसवतात.

"रामदासच्या जागी तुम्हाला घेतलं आहे, ते मी मोडणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मशीनवर तुम्ही नाही. उद्यापासून देवकाबाई बसतील. नंबर नथ्थूजी वाचतील. पक्कं करायचं आता राहू द्या."

"बरं साहेब," पंचफुला म्हणाली.

तिनं मशीनजवळची खाकी खोळ उचलली. खिशाची बाजू आत घेऊन घडी केली, काखेत धरली. जाताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं काही बोलेल. तिनं फक्त माझ्या लोखंडी खलातला बत्ता उचलून बघितला, किती जड आहे ते, आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसले. माझे पाय लोंबत होते. मी बटण दाबलं आणि आत खडखड सुरू झाली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. खाली जमिनीवर ती दगड फोडत होती, आणि गुणगुणत होती. स्टुलावर बसून मला काही गुणगुणता आलं नाही.

मी तिच्याकडे बघत होते आणि हेवा तोच, पहिल्यासारखाच, होता. चार माणसांसमोर, साहेबांसमोर, ती मी लावला म्हणाली. मी मांडवात उभी राहून रजा नाही मिळाली ह्या बोलण्यावर मान हलवली होती. ती माझ्या जागी असती तर काय म्हणाली असती, ते मला सारखं ऐकू येत होतं.

"बाई, खडे मोठे तं नाई रायले?" तिनं खालून विचारलं.

"नाई. बराबर हायेत."

दिवाळी जवळ आली. नणंदेचा पहिला दिवाळसण. सासू धाकट्या दिराला म्हणाली, "कान पिळाले नाई आला. ओवाळून घ्याले तरी घेऊन ये त्याले." दीर भिलाईला गेला.

मी चकल्या पाडत होते तेव्हा तो परत आला. एकटाच. दारात उभा राहिला, चपला काढल्या नाहीत.

"वहिनी, दादा मेला."

तेल तापलं होतं. मी सोऱ्या खाली ठेवला, आधी कढई उतरवली. मागून सासूचा हंबरडा आला.

"कधी?" मी विचारलं.

दिरानं सांगितलं. ताप आला होता, दोन दिवसांत आटोपलं. त्या बाईनं इकडे कळवलं नाही. आम्ही येऊन क्वार्टरवर हक्क सांगू असं तिला वाटलं. शेजाऱ्यांनी दिराला दारातच सगळं सांगितलं.

वस्तीतल्या बायका जमल्या. माझ्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. मी रडले, पण सासूच्या रडण्याला सोबत म्हणून रडले.

दिवाळी गेल्यावर मी कामावर गेले. नथ्थूजींनी माझ्या कपाळाकडे बघितलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बाहेर जाऊन बसले. मी स्टुलावर बसले. पंचफुलाचा बत्ता थांबला.

"कधी, बाई?"

मी तिला दिवस सांगितला.

ती बोटांच्या पेरांवर सण मोजू लागली. ओठ हलत होते. एका पेरावर अंगठा थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. मोटरीवर मी लावलेलं हळदकुंकू अजून होतं, तेलकट झालेलं.

"मंग खंडेनवमीले, बाई, तुम्ही..." ती म्हणाली आणि पुढचं तिनं गिळलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मला आधी संताप आला. मला वाटलं, ही माझ्यावर हसते. मग मला नथ्थूजी आठवले, ताट हातात घेऊन उभे, सवाशीण शोधत. मला माझा साथिया दिसला, किती सावकाश काढलेला. मला हसू फुटलं आणि मी स्टुलावरून खाली उतरून तिच्याजवळ जमिनीवर बसले, कारण हसताना मला स्टुलावर बसवेना. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. आवाज ऐकून नथ्थूजी धावत आले. आम्ही रडतो आहोत असं त्यांना वाटलं. ते पाणी घेऊन आले, आणि त्यांचा तो चेहरा बघून आम्हाला आणखीच आवरेना.

पुढं दुसरी मशीन आली आणि साहेबांनी पंचफुलाला परत स्टूल दिलं. नंबर वाचायला तिनंच मला शिकवलं, परातीत पूड पसरून, बोटानं. आधी आकडे, मग अक्षरं. खंडेनवमीला नथ्थूजी कारकुनाच्या बायकोला बोलावून आणायचे. आम्ही दोघी भिंतीजवळ उभ्या राहायचो. दर वर्षी ती माझ्या कानाशी येऊन विचारायची, "आतून लावू का, बाई?"

तिनं शेंदूर लावला तो सगळं ठाऊक असून लावला. मी लावलं ते काहीच ठाऊक नसताना लावलं. तेवढ्या एका गोष्टीचा हेवा माझा अजून गेलेला नाही.

पंचफुला गेली ती सात वर्षांपूर्वी, माघात, काटोलला भावाच्या घरी. माझा नवरा सदाशिव भिलाईला वारला तो नणंदेच्या लग्नाच्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. त्यानंतर गणपती बसले, पितृपक्ष झाला, घट बसले, आणि मग खंडेनवमी आली.